अठ्ठ्याण्णव टक्के

१२ जानेवारी, सोमवार

महिपती गुरुजी तालुक्यात पहिले आले! अठ्ठ्याण्णव टक्के.

यादी मोबाईलवर आली तेव्हा मी पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावली होती. फिसकन हसूच आलं. भिंतीपलीकडं गुरुजी तिसरी-चौथीला घसा फोडून अपूर्णांक शिकवत होते. आपण कशात तरी पहिले आलोय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

ते अठ्ठ्याण्णव माझे आहेत. 'अध्यापनात तंत्रज्ञान' हा ऑनलाइन कोर्स सगळ्या शिक्षकांना सक्तीचा. दिवाळीच्या आधी गुरुजींनी आपला फोन माझ्यापुढं धरला. "बाई, तेवढं माझं उरकून टाका." मी उरकलं. व्हिडिओचा आवाज बंद करायचा, दुप्पट वेगानं पळवायचा, शेवटी पन्नास प्रश्न. उत्तरं ग्रुपवर फिरत होतीच. नोंदणीत दुसरा मोबाईल नंबर विचारतात, तिथं माझा टाकला. म्हणजे कोड माझ्याच फोनवर येतो आणि घरी बसून करता येतं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत गुरुजींचे प्रश्न सोडवून झाले.

एकटे गुरुजी नाहीत. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या अकरा शाळांत, मी बारा जणांचा कोर्स करून दिलाय. सगळ्यांचं एकच — मॅडम, तुम्ही तंत्रस्नेही, तुम्हाला काय अवघड! माझ्या स्वतःच्या कोर्सला ब्याण्णवच पडले. तो मी आधी केला होता, उत्तरं फिरायच्या आत.

१३ जानेवारी

गुरुजींना सांगितलं. "कशात पहिला?" म्हणाले.

१५ जानेवारी, गुरुवार

हसू पार जिरलं.

विस्तार अधिकारी साहेबांचं पत्र आलं. ११ फेब्रुवारीच्या शिक्षण परिषदेत गुरुजींनी चाळीस शिक्षकांपुढं तंत्रज्ञान वापरून आदर्श पाठ सादर करावा. जिल्ह्याचे अधिकारी येणार. प्रमाणपत्र देऊन सत्कार.

गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं आणि हजेरीत घालून ठेवलं. या माणसाला फोनवर फोटो कसा पाठवायचा ते येत नाही. मी म्हटलं, "आजारपणाची रजा टाका. दाखला मी मिळवून देते."

"चौतीस वर्षांत खोटी रजा टाकली न्हाय, बाई. सेवापुस्तकाला डाग न्हाय एक. आता मे महिन्यात सुटतोय, जाता जाता कशाला?"

माझ्या तोंडावर दिसलं असणार. म्हणाले, "कोर्स खोटा चालला आन रजा चालत न्हाय, असंच म्हणताय ना मनात? मला वाटलं ती बी एक माहितीच भरायची असती. पोषण आहाराची भरतो, शौचालयाची भरतो, तशी. त्यात शिकायचं असतंय हे कुठं ठाऊक हाय?"

आणि हे खरं आहे. रोज दहा लिंका येतात. कुठली शिकायची आणि कुठली भरायची, हे त्यांना मी सांगायला हवं होतं. मला तरी कुठं वेगळी वाटली होती ती.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर गुरुजींना शिकवायला बसले. कपाटातला टॅब काढला. दोन वर्षं झाली येऊन, प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं.

गुरुजी अंगठ्यानं असा दाब देतात की सही करायचीय जणू. एक उघडायला जातात, तिसरंच उघडतं. मी चार वेळा हातातून काढून घेतला — "थांबा, मी करून देते."

पाचव्या वेळी त्यांनी सोडला नाही. "बाई, पोरांच्या हातातली पेन्सिल बी अशीच काढून घेता का तुमी?"

काय झोंबलं! घरी येईपर्यंत राग होता. शाळेच्या गावापासून, कळंबपासून, बारामतीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं गाडी चालवताना तेच डोक्यात. मदत केली, मदत केली म्हणते मी. गुरुजींना शिकवायला महिना लागला असता, करून द्यायला अर्धा तास. आणि सगळ्यांनी आपल्या पायरीशी यावं हे मला आवडतही होतंच. लिहिलं एकदाचं.

२० जानेवारी, मंगळवार

गुरुजी म्हणतात, कोर्स पहिल्यापासून लावा. आवाज सोडून. चौदा व्हिडिओ!

रोज शाळा सुटल्यावर पाण्याच्या टाकीखाली बसतो. तिथंच रेंज येते. गुरुजी वहीत लिहून घेतात. मीही पहिल्यांदाच ऐकतेय. तेरा जणांचा कोर्स केला आणि त्यातला एक शब्द कानावर पडला नव्हता.

२३ जानेवारी, शुक्रवार

बरेचसे व्हिडिओ म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. एक बाई गार खोलीत बसून सांगतात, प्रत्येक विद्यार्थ्यानं आपापल्या स्क्रीनवर उत्तर नोंदवावं. आमच्याकडं तेवीस पोरं आणि एक टॅब. गुरुजींनी वहीत लिहिलं, 'हे आपल्याला न्हाय.'

पण नवव्याला ते सावरून बसले. कुठल्याशा शाळेतले एक शिक्षक फोन खिडकीत ठेवून आपलाच तास रेकॉर्ड करतात आणि नंतर एकटेच ऐकतात. बस, एवढंच. रेंज नको, स्क्रीन नको.

"परत लावा," म्हणाले. तीनदा बघितला. मी तो चार मिनिटांचा व्हिडिओ तेरा वेळा पळवला होता.

२७ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी गुरुजींनी स्वतः टॅब चालू केला आणि खिडकीत ठेवला. मी हात लावला नाही. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं ऐकत बसलो.

सुरुवातीला ते खूश होते. आवाज खणखणीत. मग प्रश्न आला — "एक तृतीयांश मोठा का एक चतुर्थांश? सांग संस्कृती." संस्कृती चौथीतली, नेहमी खाली मान घालून बसणारी. रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज येतो, अगदी बारीक, "गुरुजी, पाण्याची पाळी आमची—" आणि त्याच्यावर गुरुजींचा आवाज, "पाण्याचं नंतर. इकडं फळ्याकडं बघ. एक तृतीयांश मोठा. का? कारण तीन वाटे." पुढं सगळी पोरं एका सुरात, तीन वाटे.

गुरुजींनी मागं नेलं. कसं न्यायचं ते विचारलं नाही, आपणच शोधलं. परत ऐकलं. सहा-सात वेळा.

मग संस्कृतीला बोलावून आणलं. वस्ती शेजारीच आहे. गुरुजी म्हणाले, "पाण्याचं काय सांगत हुतीस बाळ?"

ती घाबरली. मग म्हणाली, "पाटाचं पाणी आमच्या तिघांत हुतं ना, तवा लई येळ यायचं. मग धाकट्या चुलत्यानं वाटा मागितला. चौघं झाली. आता आमची पाळी लगीच संपती. म्हंजे तिसरा वाटा मोठा."

ती गेल्यावर गुरुजी मला म्हणाले, "बराबर सांगत हुती की हो. माझ्यापेक्षा बी बराबर. चौतीस वर्षांत किती जणांना मी 'नंतर' म्हटलं असंल, बाई?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी टॅब बंद केला तर म्हणाले, राहू द्या चालू.

२८ जानेवारी

भिंतीपलीकडून आज गुरुजींचा आवाजच येईना. उठून बघून आले. प्रश्न विचारून उभे होते, बोटांवर सात मोजत.

४ फेब्रुवारी, बुधवार

सातपर्यंत मोजायचं त्यांनी पक्कं धरलंय. पाचला पोरं चुळबुळतात, सहाला कुणीतरी तोंड उघडतं. संस्कृती दोन दिवसांत चार वेळा बोलली. रोजचं रेकॉर्डिंग गुरुजी घरी नेऊन ऐकतात आणि सकाळी सांगतात, अमक्याला मी काल बोलू दिलं न्हाय, आज त्याच्यापासून सुरू.

मीही माझा तास रेकॉर्ड केला. अर्धा ऐकला आणि बंद केला. 'व्हेरी गुड', 'छान', 'व्हेरी गुड' — पोरगं काय म्हणालं ते न ऐकताच! आणि मी तंत्रस्नेही.

९ फेब्रुवारी, सोमवार

आदर्श पाठाची तयारी झाली. दोन रेकॉर्डिंगं ऐकवणार, आधीचं आणि आत्ताचं, ज्यात संस्कृती पाण्याच्या वाट्याचं पूर्ण सांगते. टॅबला स्पीकर स्वतः जोडतात. मला खरंच अभिमान वाटला.

जाताना म्हणाले, "ते प्रमाणपत्र द्यायचं नक्की हाय का?"

मी ओळखलं. म्हटलं, "गुरुजी, हात जोडते. घ्या आणि खाली बसा. आता तुम्हाला सगळं येतंय ना? मग झालं तर."

"येतंय. पर ते मार्क त्याचं न्हायत."



११ फेब्रुवारी, बुधवार

पाठ असा झाला की हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. स्वतःची चूक चाळीस लोकांना ऐकवणारा माणूस मी आजवर बघितला नव्हता. 'पाण्याचं नंतर' आलं तेव्हा मागं कुणीतरी हसलं, आणि मग गुरुजींनी संस्कृतीचं उत्तर ऐकवलं तेव्हा कुणी हसलं नाही. जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी बाईंनी वहीत लिहून घेतलं.

मग साहेब उठले. "ऑनलाइन प्रशिक्षणाचा परिणाम काय असतो तो आज आपण पाहिला." शाल, गुलाब, प्रमाणपत्र. गुरुजींनी शाल घेतली. प्रमाणपत्राला हात लावला नाही. माईक मागितला.

"साहेब, हे माझं न्हाय. कोर्स मी केलाच नव्हता. दुसऱ्याकडून करून घेतला. मग लाज वाटली म्हणून मी तो नंतर केला, त्याला मार्क कुणी दिलं न्हायत. हे परत घ्या."

साहेबांचं तोंड! जिल्ह्याच्या बाई शेजारी नसत्या तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. बाईंनी विचारलं, "कुणाकडून करून घेतला?"

गुरुजी म्हणाले, "ते ध्यानात न्हाय."

बारा जणांतले बाकीचे अकराही हॉलमध्ये होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मीपण घातली.

१२ फेब्रुवारी

ग्रुपवर गुरुजींवर तोंडसुख चाललंय. 'जाता जाता सगळ्यांची वाट लावली.' 'यांना हरिश्चंद्र व्हायचं होतं तर आधी व्हायचं.' मला खाजगीत आठ मेसेज — मॅडम, आमचं नाव येणार नाही ना?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गुरुजींना नोटीस. फसवणुकीबद्दल सेवापुस्तकात नोंद का घेऊ नये, याचा सात दिवसांत खुलासा करा. करून देणाऱ्याचं नाव दिलं तर सौम्य विचार करू, असं शिपायाकरवी तोंडी सांगितलंय.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मी सौरभला म्हटलं, मी जाऊन सांगते. नवऱ्याला सांगायला गेले ही चूकच. "वेडी आहेस का? तुझी सव्वीस वर्षं राहिलीत नोकरीची, त्यांचे तीन महिने." हिशेब बरोबर आहे त्याचा. म्हणून जास्त राग आला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गुरुजींनी खुलासा दिला. मला दाखवला आधी. चार ओळी. चूक माझी, शिक्षा मान्य, करून देणाऱ्याचं नाव आठवत नाही.

१९९४ सालच्या पोरांचे हजेरी नंबर पाठ असलेला माणूस हा! मी म्हटलं, "गुरुजी, नाव लिहा माझं." "कुणाचं?" म्हणाले, आणि घंटा द्यायला उठले.

२२ फेब्रुवारी, रविवार

कळंबला गुरुजींच्या घरी गेले होते. ते रानात होते, प्रयागकाकू एकट्याच होत्या. त्यांनी चहा टाकला. बोलायला लागल्या आणि थांबेनात.

"जेवण धड जात न्हाय ह्यांना. निरोपाचा कार्यक्रम नको म्हणत्यात. सगळ्या वस्तीनं वर्गणी... तसलं काय नको म्हणत्यात. डाग लावून घेतल्याला माणूस हार कसा घालून घील म्हणत्यात." मग पदरानं कप पुसून माझ्या हातात दिला. "तुमी त्या फोनातलं सगळं जाणता. ज्यानं ह्यांचं असं वाटुळं केलं त्याचं नाव शोधून काढा की बाई. हे न्हाय सांगायचं. तुमीच काढा."

मी चहा प्याले. संपूर्ण प्याले. आणि 'बघते' म्हणून निघून आले! बोलायला एवढी संधी, आणि तोंडातून निघालं काय तर 'बघते'. स्वतःची शिसारी आली मला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं पत्र चार वेळा वाचलं.

'कोर्स अन्य व्यक्तीने पूर्ण केल्याबाबतच्या चौकशीस तांत्रिक साहाय्य करण्यासाठी तंत्रस्नेही शिक्षिका म्हणून आपली नेमणूक करण्यात येत आहे.'

माझी!

साहेबांनी फोनही केला. "मॅडम, ऑफिसच्या यादीत फक्त दुसऱ्या नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसतात. बारा ठिकाणी सारखेच दिसतायत म्हणे. तुम्हाला प्रशिक्षकाचं लॉगिन देतो, पूर्ण नंबर काढा. तालुक्यात हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार? आणि हे झालं की जूनपासून शिक्षकांच्या प्रशिक्षणाला तुम्हीच."

गुरुजींना सांगितलं तर ते हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. "मग नीट लिहा. काय सापडत न्हाय, असं लिहा. माझं मी बघतो."

२ मार्च, सोमवार

लॉगिन आलं. बारा नावांपुढं माझा नंबर, एकाखाली एक. मला माहीत होतं, तरी एकेक आकडा ताडून बघितला.

अहवाल लिहिला. 'तांत्रिक कारणास्तव नंबर निश्चित करता येत नाही.' एकच वाक्य. खोटं आहे हे सांगणारं तालुक्यात कुणी नाही. साहेब सही करतील, अकरा जण सुटतील, मी जूनपासून शिक्षकांना शिकवायला लागेन. कसं शिकवावं ते! नोंद तेवढी गुरुजींच्या पुस्तकात पडेल, कारण त्यांनी एकट्यानंच कबूल केलंय.

सौरभ म्हणाला, पाठवून टाक आणि विषय संपव. अजून पाठवला नाही.

४ मार्च

माझ्या तासाचं ते रेकॉर्डिंग आज शेवटपर्यंत ऐकलं. दुसरीतल्या एकाचं उत्तर चुकलं होतं. मी 'थांब, मी लिहून देते' म्हणाले आणि त्याच्या पाटीवर लिहून दिलं. मग सगळ्या वर्गाला त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

परवाचा अहवाल फाडला.

६ मार्च, शुक्रवार

अहवाल दिला. बारा नावं, बाराही ठिकाणी दुसरा नंबर एकच. खाली आणखी एक ओळ — हा कोर्स शिकायचा असतो हे गुरुजींना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम या नंबरवाल्याचं होतं. नाव लिहायला मात्र हात धजला नाही.

साहेब खूश. "सापडला म्हणायचा! कुणाचा हो हा?"

"लावून बघा, साहेब."

ते आकडे दाबायला लागले. सातव्या आकड्यालाच त्यांच्या फोननं नाव दाखवलं — निकिता मॅडम, तंत्रस्नेही.